लॅपटॉपवर चहा सांडला तर आधी वीज तोडा, पुसायचं नंतर

मागच्या जुलैमधे, इंदूरला पावसाची झड लागली होती तेव्हा, राजेंद्र नगरहून भाचीचा फोन आला. मावशी, लॅपटॉप सुरूच होत नाहीये, चार्जरचा लाईटपण लागत नाहीये. मी विचारलं, काही सांडलं होतं का गं त्याच्यावर? आधी नाही म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली, म्हणजे बारा दिवसांपूर्वी चहा सांडला होता थोडासा, पण मी लगेच पुसला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तर मस्त चालू झाला, इतके दिवस ऑफिसचं सगळं काम त्याच्यावरच केलं ना मी.

"पण तो तर चालत होता" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. मी पॉलिटेक्निकमधे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि घरी एका टेबलावर मायक्रोस्कोप न सोल्डरिंग आयर्न मांडलेलं आहे, नात्यातले कॉलनीतले बिघडलेले लॅपटॉप तिथे येत असतात, आणि त्यातले जे सांडासांडीचे असतात त्यांची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते, की सांडलं, पुसलं, सुकवलं, चाललं, आणि मग एक दिवस अचानक गेलं. लोकांना वाटतं की चहाचा आणि या बंद पडण्याचा काही संबंध नसेल कारण मधे इतके दिवस गेले. संबंध असतो आणि तो समजला की काय करायचं ते आपोआप समजतं, म्हणून आधी आत नेमकं काय होतं ते सांगते.

अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. वीज वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. वर्गात मी एक साधा प्रयोग करून दाखवते, ९ व्होल्टची बॅटरी घ्यायची, तिला तांब्याच्या दोन तारा जोडायच्या आणि त्यांची टोकं पाण्याच्या ग्लासात बुडवायची पण एकमेकींना लागू द्यायची नाहीत. आरओच्या पाण्यात फारसं काही दिसत नाही. मग चिमूटभर मीठ टाकायचं. लगेच एका तारेवरून बुडबुडे निघायला लागतात, पाणी गढूळ होतं आणि थोड्या वेळाने तारा बाहेर काढून बघितल्या तर दुसरी तार चक्क झिजलेली असते. तांबं पाण्यात उतरलं. मुलं ही तार हातात घेऊन बघतात तेव्हा त्यांना पटतं.

आता हाच ग्लास लॅपटॉपमधे आहे असं समजा. बॅटरी साधारण ११ व्होल्टच्या आसपासची, काहींची त्याहून जास्त, चार्जर लावला असेल तर १९-२० व्होल्ट, आणि स्क्रीनच्या मागच्या लाईटसाठी तर बोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर (मदरबोर्ड), व्होल्टेज याच्यापेक्षाही वर चढवलेलं असतं. तारा म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा, त्यातल्या कित्येक केसाच्या जाडीच्या आसपासच्या, आणि चिपच्या दोन पायांमधलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी. ग्लासात जाड तार झिजायला वेळ लागतो, इथे झिजायला आहेच किती? आणि नुसतं झिजतच नाही, एका टोकाकडून निघालेला धातू दुसऱ्या टोकाकडे जाऊन साचतो, झाडाच्या मुळ्यांसारखे बारीक फाटे फुटत जातात आणि ते समोरच्या पायाला जाऊन लागले की शॉर्ट. मायक्रोस्कोपखाली ही मुळं आणि त्याच्या भोवतीचा हिरवा-निळा थर मी बघते तेव्हा दर वेळी वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता आलं असतं.

म्हणजे बोर्ड खराब व्हायला तीन गोष्टी लागतात, ओल, क्षार आणि वीज. ओल आपण लगेच काढू शकत नाही, ती आत गेलेली असते. क्षारही आत गेलेले असतात. पण वीज आपल्या हातात असते, त्याच सेकंदाला. भाचीने पहिल्या पाच मिनिटांत काय केलं ते मी तिला नीट विचारलं, तर मीटिंग चालू होती म्हणून तिने आधी सगळ्यांना बाय केलं, फाईल सेव्ह केली, स्वैपाकघरातून फडकं आणलं, कीबोर्ड पुसला, आणि मग झाकण लावून ठेवलं. चार्जर लागलेलाच. झाकण लावल्याने लॅपटॉप बंद होत नाही हो, तो झोपतो, आत वीज खेळतच असते. वर कीबोर्डवरचा चहा स्क्रीनला लागतो तो वेगळाच.

तर सांडल्याबरोबर करायचं ते एवढंच, चार्जर काढायचा, आणि पॉवरचं बटण दाबून धरायचं, स्क्रीन पूर्ण काळी होईपर्यंत, चांगलं दहा सेकंद. मेनूत जाऊन शट डाऊन वगैरे नाही, तेवढा वेळ नसतो, आणि अपडेट निघाला तर अजून दहा मिनिटं जातील. फाईल सेव्ह करायचा मोह होतो, मला कळतं ते, पण फाईलचे दोन परिच्छेद परत टाईप करता येतात. टेबल ओलं असेल आणि एक्सटेंशन बोर्डच चहात असेल तर मात्र आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग हात लावा, लॅपटॉपपेक्षा तुम्ही महत्त्वाचे.

मग माऊस, पेन ड्राईव्ह जे काही खोचलेलं असेल ते काढा, वरवरचं टिपून घ्या, घासू नका, बटणं दाबू नका, आणि लॅपटॉप उघडाच ठेवून उलटा करा, टॉवेलवर, म्हणजे कीबोर्ड खाली आणि मधली घडी वर, तंबूसारखा. कीबोर्डखाली बोर्ड असतो म्हणून आत उतरू पाहणारा चहा आल्या वाटेने परत यायला हवा. झटकायचं नाही, हलवलं की जे एका कोपऱ्यात आहे ते सगळीकडे जातं.

यानंतर लोक निवांत होतात की चला, बंद केला. पण बंद केलेला लॅपटॉपसुद्धा पूर्ण बंद नसतो. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ३.३ व्होल्ट, काही ठिकाणी ५ व्होल्ट बोर्डच्या काही भागात सतत असतातच, नाहीतर तुम्ही बटण दाबलं हे त्याला कळणार कसं? भाचीचा लॅपटॉप रात्रभर पंख्याखाली "बंद" होता तेव्हा आत तो ग्लासातला प्रयोग सावकाश चालूच होता. म्हणून खरी वीज तुटते ती बॅटरीचं कनेक्टर बोर्डवरून निघाल्यावर. जुन्या लॅपटॉपमधे खालची खिट्टी सरकवली की बॅटरी हातात यायची, आता ती आत असते. तुम्हाला स्क्रू खोलायची सवय असेल, बरोबर स्क्रू-ड्रायव्हर घरी असेल, तर मागचं झाकण काढून ते एक कनेक्टर प्लॅस्टिकच्या चपट्या वस्तूने हळूच उचका, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने नाही. सवय नसेल तर यूट्यूब बघत पहिला प्रयोग या दिवशी करू नका, लॅपटॉप तसाच उलटा धरून ज्याला येतं त्याच्याकडे त्याच दिवशी घेऊन जा. आणि बॅटरी फुगलेली, गरम किंवा विचित्र वासाची वाटली तर काहीच उघडू नका, घराबाहेर मोकळ्या फरशीवर ठेवा, ते प्रकरण वेगळं आणि धोक्याचं आहे. वॉरंटीबरोबर सांडण्या-पडण्याचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरी झाकण उघडायच्या आधी त्यांना फोन करा. साध्या वॉरंटीत सांडलेलं सहसा बसतच नाही.

तांदळाबद्दल बोलायलाच हवं कारण आमच्याकडे येणारे अर्धे लॅपटॉप तांदळाच्या डब्यातून येतात, युएसबीच्या खाचेत बासमतीचा दाणा अडकलेला मी स्वतः चिमट्याने काढलाय. तांदूळ बाहेरून आतलं पाणी ओढून घेत नाहीत, उघड्या हवेत ठेवलं तर ते त्यापेक्षा बरं सुकतं, आणि तांदळाचं पीठ मात्र आत जातं. अ‍ॅपलच्या आयफोनसाठीच्या सूचनांमधे तर स्पष्ट लिहिलंय की भिजलेला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. हेअर ड्रायर पण नको, गरम हवेच्या जोराने पाणी अजून आत ढकललं जातं आणि बटणांचं प्लॅस्टिक वाकतं. आणि इंदूरच्या मे महिन्यात कोणी गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. मॅकबुकच्या माहितीत साठवणुकीचं तापमान जास्तीत जास्त ४५ अंश दिलेलं असतं, आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशीपार जातो, उन्हात पडलेला काळा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि आत लिथियमची बॅटरी आहे.

आता मुख्य गोष्ट, जी भाचीला ठाऊक नव्हती आणि मला वाटतं बहुतेकांना नसते. सुकणं म्हणजे साफ होणं नाही. चहाचं पातेलं न धुता ठेवून दिलं तर दुसऱ्या दिवशी ते कोरडं असतं पण स्वच्छ असतं का? पाणी उडून गेलं, साखर, दूध, क्षार सगळं तिथेच चिकटून बसलं. बोर्डवरही तेच होतं, आणि हा चिकट थर हवेतला दमटपणा ओढून घेतो. जुलैमधे आपल्याकडे काड्यापेटीसुद्धा सादळते, मिठाची बरणी पाणी सोडते, मग तो थर कोरडा कसा राहील. ओल परत आली, क्षार होतेच, आणि भाची रोज आठ तास चार्जर लावून वीज देत होती. तिन्ही गोष्टी पुन्हा जमल्या. बारा दिवस लागले एवढंच.

म्हणून काय सांडलं याला फार अर्थ आहे. आरओचं थोडं पाणी सांडलं, लगेच वीज तोडली, नीट सुकू दिलं, तर पुष्कळदा निभावतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्यापुढचं, आणि कॉलनीतल्या बोअरचं जड पाणी, जे बादलीला पांढरे डाग पाडतं, ते त्याहून वाईट कारण तेच डाग बोर्डवर पडतात. दुधाचा गोड चहा वाईटच. कोला पेयात साखरेबरोबर फॉस्फोरिक आम्ल असतं. आपली इंदुरी शिकंजी, ती तर पेय कमी आणि मिठाई जास्त, दूध साखर सुकामेवा सगळं घट्ट, ती आत पटकन पसरत नाही पण जिथे बसली तिथून निघत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट पन्हं. कैरीचं आम्ल, गूळ आणि वर मीठ, बोर्डाचं नुकसान करायला जे जे लागतं ते एकाच पेल्यात. लिंबाच्या सरबताचंही तेच. अशी गोड-खारट गोष्ट सांडली असेल तर "दोन-तीन दिवस सुकू द्या" हा सल्ला पुरत नाही, बोर्ड बाहेर काढून धुवावाच लागतो.

हो, धुवावा लागतो, पाण्याने, आणि हे ऐकून लोक दचकतात. बॅटरी निघालेली, बोर्ड पूर्ण सुटा केलेला, त्याच्यात वीज नाही, मग स्वच्छ पाण्याचं भय कशाला. मी डिस्टिल्ड वॉटर वापरते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं म्हणून कॅनमधे मिळतं ते, फक्त लेबल वाचून घ्या, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. पाणी का, तर साखर पाण्यात विरघळते. सगळे सांगतात आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मीही वापरते, पण साखर अल्कोहोलमधे जेमतेमच विरघळते, त्यामुळे चहाचा बोर्ड नुसता अल्कोहोलने पुसला तर चमकतो पण चिकटपणा चिपच्या खाली तसाच राहतो. आधी पाणी आणि मऊ टूथब्रश, हिरवा थर दिसेल तिथे सावकाश, पत्र्याची झाकणं काढून त्यांच्या खालीसुद्धा, मग ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, जे उरलेलं पाणी आपल्याबरोबर घेऊन उडून जातं. मेडिकलच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, त्यात उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं. आणि हे अल्कोहोल पेट घेतं, गॅस चालू असलेल्या स्वैपाकघरात किंवा देवघरातल्या समईजवळ हे काम अजिबात करू नका, खिडकी उघडी ठेवा. स्क्रीन, पंखा, स्पीकर यांना हे धुणं नाही, फक्त बोर्ड. धुतल्यावर पंख्याखाली किमान एक दिवस, पावसाळ्यात मी दोन दिवस ठेवते, कारण मोठ्या चिपच्या पोटाखाली केसाएवढ्या फटीत ओल अडकून राहते. चांगल्या रिपेअरवाल्याकडे अल्ट्रासॉनिक मशीन असतं, चश्म्याच्या दुकानात चष्मे धुतात त्याचाच मोठा भाऊ, ते अशा फटींतलं काढतं.

कीबोर्डची मात्र आशा थोडी कमीच ठेवा. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ शीट एकावर एक असतात, त्यांच्यामधे चहा शिरला की दोन काचांमधे पाणी अडकावं तसा अडकतो, धुऊन निघत नाही. मग एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटतात किंवा कोणी न दाबता एखादं अक्षर उमटत राहतं. बऱ्याच लॅपटॉपमधे पॉवरचं बटण कीबोर्डचाच भाग असतं, त्यामुळे कधी कधी बोर्ड ठणठणीत असतो आणि फक्त कीबोर्डमुळे लॅपटॉप मेल्यासारखा वाटतो, ही शक्यता दुकानात आधी तपासायला सांगा. काही थिंकपॅडच्या कीबोर्डला खाली पाणी निघून जायला भोकं दिलेली असतात, चांगली सोय आहे, पण ती तुम्हाला वीज तोडायला थोडा जास्त वेळ देते इतकंच, पेलाभर चहा पचवत नाही.

दुकानाचं बोलायचं तर जेल रोड असो की सिल्व्हर मॉल, इंदूरमधे हाताने बारीक काम करणारे खूप चांगले लोक आहेत. तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. पहिली, खरं सांगा, काय सांडलं, कधी सांडलं, त्यानंतर कितीदा चालू करून बघितलं. लाजायचं काही कारण नाही, डॉक्टरला आपण पोटात काय गेलं ते सांगतोच की, आणि लपवूनही उपयोग नाही, कित्येक मशीनमधे आत पांढऱ्या पट्ट्या असतात ज्या ओल लागली की लाल होतात. दुसरी, विचारा की बोर्ड बाहेर काढून साफ करणार का, आणि झाल्यावर फोटो दाखवा म्हणा. उघडलं, हवा मारली, बंद केलं, चालतंय, घेऊन जा, असं असेल तर ते भाचीच्या पंख्यासारखंच झालं. न उघडताच "मॅडम, बोर्ड गया, नया डलेगा" म्हटलं तर शांतपणे लॅपटॉप परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा, चार्जिंगच्या भागातला एखादा छोटा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा दाण्याएवढा भाग, शॉर्ट झाल्यानेसुद्धा पूर्ण मशीन मेलेलं दिसतं.

आणि तोपर्यंत, मी हात जोडून सांगते, "बघू या का चालू होतोय" म्हणून बटण दाबू नका. जो बोर्ड धुऊन वाचला असता तो या एका बघण्यात जातो. ओला असताना चालू झाला तर आनंद होतो आणि तोच महागात पडतो.

डेटाचं वेगळं सांगते, कारण भाची रडत होती ती लॅपटॉपसाठी नाही, आत तिचं दोन वर्षांचं काम आणि आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. लॅपटॉप मेला म्हणजे फाईली गेल्या असं नसतं. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमधे एसएसडी, म्हणजे फाईली साठवणारी डिस्क, च्युइंग गमच्या पट्टीएवढी असते, एका स्क्रूवर बसलेली, ती काढून छोट्या केसमधे घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, लावायच्या आधी तिच्यावर डाग नाहीत ना ते नीट बघायचं आणि असले तर आधी साफ करायचे. पण इथे एक अडचण येते, आजकालच्या विंडोजमधे डिस्क पुष्कळदा आपोआप बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच सुरक्षेच्या सोयीने, कुलूपबंद असते आणि ते कुलूप एरवी गुपचूप उघडणारी किल्ली त्या मेलेल्या बोर्डवर असते. दुसऱ्या मशीनवर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे ठेवलेली असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. आज, लॅपटॉप चालू आहे तोवर, ती शोधून वहीत लिहून ठेवा. अ‍ॅपलच्या एम सिरीज चिपच्या मॅकबुकमधे आणि काही पातळ विंडोज लॅपटॉपमधे फाईली साठवणारी मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मॅकमधे तर ती मुख्य चिपशी बांधलेली असते, म्हणजे फाईली हव्या असतील तर बोर्डच जिवंत करावा लागतो, दुसरा रस्ता नाही. अशांनी तरी बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर एक प्रत ठेवाच.

भाचीची की तिच्या अकाउंटमधे सापडली. आधी फोटो काढून घेतले, सगळे निघाले, ते तिच्या आईच्या फोनवर पाठवले आणि मगच मी बोर्डाला हात घातला. कीबोर्डच्या कनेक्टरजवळ हिरवा थर होता, चार्जिंगच्या चिपचे दोन पाय जवळजवळ खाल्लेले होते आणि शेजारचा एक कपॅसिटर शॉर्ट. धुतलं, चिप बदलली, कपॅसिटर बदलला, तिसऱ्या दिवशी चार्जरचा लाईट लागला. कीबोर्ड गेलाच, सध्या ती बाहेरून युएसबीचा लावून काम करतेय, नवा मागवलाय.